दौलतरावांचे एकवीस किलोमीटर

दौलतराव मुनेश्वरांनी पहिल्याच भेटीत माझ्या मफलरीचा पुंजका उपटला होता.

ओळख ना पाळख. मी दारव्ह्याच्या शाळेत नव्यानं लागलो होतो आणि शेजारी म्हणून त्यांच्याकडे भेटायला गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, माझ्यासमोर उभे राहिले, गळ्यातल्या मफलरीचं टोक उचललं, चिमटीत धरून एक पुंजका ओढला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूहळू ताणला, खिडकीच्या उजेडात पाहिला आणि म्हणाले, "माल बरा हाय सर. पन धागा आखूड."

ते मफलरीबद्दल बोलतायत असं मला वाटलं. पुढं त्यांची ओळख वाढली तेव्हा तेवढी खात्री राहिली नाही.

दौलतराव गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीत ग्रेडर होते. कापसाच्या गाड्या दारात लागल्या की गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, ताणायचा, दाताखाली सरकी फोडून ओलावा पाहायचा आणि मालाची प्रत सांगायची. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की त्या हाताला दुसरं काही सुचेचना. बाजारात मेथीची जुडी ते ताणून पाहत. पंगतीत जिलबी ताणून पाहत. नात्यातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फेट्याचा शेमला सगळ्यांदेखत ओढला आणि "मिक्स हाय" असं जाहीर केलं. नवरीकडची मंडळी बराच वेळ ते नवरदेवाबद्दलच समजून बसली होती.

माणसांचीही ते प्रत लावत. न बोलता काम करणारा, शब्दाला जागणारा माणूस म्हणजे 'लांब धागा'. ज्याच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं तो 'ओला माल'. "वजन लय दिसते सर, पन वाळला का काईच नाई राह्यत." पुढारी सगळे 'कवडी', म्हणजे बोंडातच सडलेला पिवळा कापूस. आणि स्वतःला ते 'फरदड' म्हणत. खऱ्या वेचण्या संपल्यावर झाडाला पुन्हा पाणी देऊन जो उरलासुरला कापूस काढतात, तो फरदडीचा. "मी फरदडीचा माल आहो. मले आता कोन इकत घेते?" असं म्हणून ते मोठ्यानं हसत. आपल्या विनोदाला आधी स्वतः हसायचं, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा ज्या कारणानं दिल्लीपर्यंत पोचलं, ते कारण आम्ही घरात मोठ्यानं बोलत नसू. गावातल्या जिनिंगा एकेक करून बंद पडल्या. दौलतरावांची फॅक्टरीही एका दिवाळीनंतर उघडलीच नाही. मालक नागपूरला राहायला गेले आणि किल्ली दौलतरावांकडे ठेवून गेले. ते रोज सकाळी जाऊन कुलूप उघडत, हात मागं बांधून आवारात एक चक्कर मारत, कुलूप लावून परत येत. जिथं कापसाचे डोंगर लागायचे तिथं बकऱ्या चरत होत्या. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, सुजाता, लग्न होऊन नागपूरला. घरात हे एकटे.

अशातच एक दिवस ते शाळेत आले. मी मैदानावर होतो. मी शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणजे मुख्यतः शिट्टी वाजवतो. दौलतराव कुंपणाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मानसाले पयाले शिकवता येते का?"

"कुणाला शिकायचंय?"

"मले."

मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. साठीला टेकलेले, पोट पुढं, पाय बाभळीच्या काटक्यांसारखे. दोन काटक्यांवर कापसाचा गठ्ठा ठेवावा तशी सगळी बांधणी.

"नागपूरले शर्यत हाय थंडीत. पेपरात आलं. अर्धी मॅरेथॉन म्हनते तिले."

"दौलतराव, एकवीस किलोमीटर असतं ते."

"पन अर्धीच हाय ना?"

'अर्धी' या शब्दाचा त्यांना फार धीर होता. पुढं किती तरी वेळा, धाप लागून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले असताना, ते स्वतःलाच बजावत, "अर्धीच हाय बापा. पुरी थोडीच हाय." एकवीस किलोमीटर म्हणजे दारव्ह्याहून यवतमाळची अर्धी वाट होते, तेवढ्यानं एस.टी.सुद्धा गरम होते, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

का पळायचं, हे ज्यानं त्यानं विचारलं, आणि ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळालं. डॉक्टरांना सांगितलं, साखर वाढलीय. समोरच्या काकूंना सांगितलं, डॉक्टर म्हणाले. मला सांगितलं, जिन बंद झाली, आता पाय गंजतील. आणि मुनाफभाईंना सांगितलं की बक्षीस आहे. मुनाफभाई शेतातले पंप दुरुस्त करणारे मिस्त्री, दौलतरावांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते म्हणाले, "बक्षीस पहिल्याले भेटते दौलत. तू तं दुसऱ्या दिवशी पोचशीन."

फॅक्टरीच्या आवारात पहिला धडा झाला. फाटकापासून निघाले आणि वजनकाट्यापर्यंत जाऊन काट्यावरच बसले. मी जवळ जाईपर्यंत त्यांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला होता. "आज इतलंच," ते म्हणाले. "माल गरम झाला."

मी त्यांना सांगितलं की आधी चालायचं, मग थोडं पळायचं, मग पुन्हा चालायचं. विजेचे खांब धरायचे. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. त्यांनी हे इतकं मनावर घेतलं की खांबच त्यांचे सोयरे झाले. वाकडा खांब, तारा तुटलेला खांब, चिमणीच्या घरट्याचा खांब. "आज घरट्याच्या खांबालोक गेल्तो," असं सांगताना त्यांचा चेहरा पोरं पास झाल्यावर होतो तसा होई. एकदा वीजमंडळानं मधला एक खांब काढून नेला, तेव्हा त्यांचा सगळा अभ्यास आठवडाभर विसकटला. कुठं थांबायचं तेच कळेना, म्हणून घरी बसले.

थंडी जवळ आली तसा आम्ही पहाटेचा यवतमाळ रोड धरला. मुनाफभाई लुना घेऊन मागे असत, पाण्याची बाटली आणि बाम घेऊन. पण लुना जितकी हळू चालते त्याहूनही दौलतराव हळू पळत. त्यामुळे मुनाफभाईंना दोन्ही पाय जमिनीवर घासत यावं लागे. दुधाची गाडी घेऊन येणारी माणसं थांबून विचारत, "काय झालं भाई, लुना बंद पडली का? काका मिस्त्री पाह्याले पयून राह्यले का?" "अरे मिस्त्री मीच आहो!" मुनाफभाई ओरडत. "आन् बिघाड थो पुढं चालला!"

माझं म्हणाल तर मी सायकलवर. पोरांना पळायला सांगणारा माणूस स्वतः पळत नसतो.

खरं संकट आलं ते बनियनमुळे. घामानं भिजलेलं सुती बनियन अंगाला घासून घासून दौलतरावांची छाती सोलून निघाली. घरी आले तेव्हा बनियनवर रक्ताचे दोन डाग होते. समोरच्या काकूंनी ते पाहून गल्ली गोळा केली. मी म्हणालो, "दौलतराव, पळण्यासाठी सुती कपडा चालत नाही. पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्या. घाम धरत नाही, घासत नाही."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगितलंय. धर्म तर त्यांच्या वडिलांनी बदललाच होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण हे निराळं होतं.

"सर, सारी जिंदगी या हातानं कापूस पाह्यला. या कापसानं घर बांधलं. पोरीचं लगन केलं. आन् आता हा कापूस पडला हाय, तं मी बी त्याले सोडून देऊ?"

त्यांनी छातीला खोबरेल तेल चोपडलं आणि सुती बनियनच घातलं. शेवटपर्यंत.

त्या वर्षांची म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. एका पहाटे मला ताप होता आणि मुनाफभाईंची लुना खरोखरच बंद होती. दौलतराव एकटेच गेले. रस्त्याला एके ठिकाणी काम चालू होतं म्हणून ते वळून शिवारातल्या पांदणीनं पळू लागले. उजाडायचं होतं. अंगावर बनियन, पायात कॅन्व्हासचे बूट, तोंडानं "अर्धीच हाय, अर्धीच हाय" चाललेलं. ओलिताला आलेल्या दोघा शेतकऱ्यांनी त्यांना पाहिलं. एकटा म्हातारा, अंधारात, विहिरींकडे पळत चाललेला. त्या दिवसांत असं कोणी दिसलं की लोक दुसरा विचार करत नसत.

दोघेही हातातलं टाकून त्यांच्या मागं धावले. "काका! ओ काका! थांबा!" दौलतरावांना वाटलं चोर आहेत. त्यांनी वेग वाढवला. वेग वाढवल्यावर त्या दोघांची खात्रीच पटली. बऱ्याच अंतरावर एकानं त्यांना कमरेला मिठी घालून पाडलं.

"असं नका करू काका. पोरंबाळं हायत ना तुमाले?"

"एक पोरगी हाय," दौलतराव धापा टाकत म्हणाले.

"मंग तिचा इचार करा जराक!"

"तिचाच इचार करून पयून राह्यलो ना बे!"

हे ऐकून तो दुसरा रडायलाच लागला. मॅरेथॉन म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत चांगलं उजाडलं. मग त्यांनी दौलतरावांना झोपडीत नेऊन चहा पाजला, गुडघ्याला हळद लावली आणि गाडीवर घरी आणून सोडलं. मुनाफभाईंनी ही गोष्ट गावभर सांगितली आणि गाव हसलं. दौलतरावही हसले. पण संध्याकाळी ओट्यावर बसले असताना मला म्हणाले, "सर, थे मले वयखत बी नोयते. चिखलातून पयत आले. अनवानी."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना म्हणालात, पोरीचाच विचार करून पळतोय. म्हणजे काय?"

"तसंच निंगून गेलं तोंडातून," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

त्यांनी ते सांगितलं शर्यतीच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवशी ते आतापर्यंतचं सगळ्यात लांबचं अंतर पळाले होते, म्हणजे पळाले, चालले, बसले आणि पुन्हा चालले होते. आम्ही रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली होतो. मुनाफभाई त्यांच्या पोटऱ्या चोळून देत होते.

"सर, शर्यतीत सुजीचं बी नाव टाकलं मी."

सुजी म्हणजे सुजाता. सुजाता माझी विद्यार्थिनी होती. माझ्या सगळ्या नोकरीत मी तिच्यासारखी पळणारी मुलगी पाहिली नाही. मी तिला काही शिकवलं नाही, फक्त वेळ मोजली. आठवीत तिनं तालुका गाजवला, नववीत जिल्हा. मग तिची क्रीडा वसतिगृहासाठी निवड झाली. राहणं, शिक्षण, सगळं तिथंच. मी आनंदानं हे सांगायला त्यांच्या घरी गेलो होतो. तेव्हा सुजाताची आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली होती. हंगाम ऐन भरात होता, फॅक्टरी दिवसरात्र चालू होती आणि दौलतराव जेवायलाही कसेबसे घरी येत. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावले नाहीत. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, थे गेली तं घरी पोया कोन टाकीन?"

सुजाता दारात उभी होती. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं आतून पोळपाटाचा आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही.

"तिनं कवाच काई म्हतलं नाई," कडुनिंबाखाली दौलतराव सांगत होते. "भांडली असती तं बरं झालं असतं. दिवाईले येते, लेकरं घेऊन येते, मायासाठी सैपाक करून ठेवते. बाबा, गोई घेतली का, बाबा, डोये दाखवले का. सारं करते. पन काई मांगत नाई सर. त्या दिसापासून तिनं मले काईच मांगतलं नाई."

मुनाफभाईंचा हात थांबला होता.

"मी तिले फोन केला. म्हतलं, मी शर्यतीत नाव टाकलं. थे म्हने, बाबा, डोकं फिरलं का? मी म्हतलं, फिरलं. पैसे भरले, आता मांगं नाई फिरत. पन एकटा पयलो आन् पडलो, तं कोन उचलीन? तू संगं चाल. तं थे हो म्हने." जरा थांबून ते म्हणाले, "मायासाठी म्हतलं तं लगेच हो म्हने. तिले म्हतलं असतं का, तू पय, तं नसती आली."

"म्हणजे तुम्ही एवढे महिने…"

"मंग का? मले का पयाची हौस हाय का सर, या वयात?"

नागपूरला त्या सकाळी चांगलीच थंडी होती. मुनाफभाईंच्या घरी पाहुणे होते, म्हणून मी आणि दौलतरावच आदल्या दिवशी आलो होतो. मैदानावर रंगीत टी-शर्टांची जत्रा लोटली होती. पोरं पाय ताणत होती, उड्या मारत होती, घड्याळं दाबत होती. त्यांच्यात दौलतराव सुती बनियनवर नंबर लावून, तेल चोपडून उभे. आणि त्यांच्या शेजारी सुजाता. पस्तिशीची बाई, पंजाबी ड्रेस, ओढणी, पायात रोजचेच बूट. मला पाहून वाकली. "सर, तुम्ही तरी समजवायचं ना बाबांना," म्हणाली. दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करून, दोन मुलांचे डबे भरून जो एक थकवा डोळ्यांखाली कायमचा येतो, तो तिच्या डोळ्यांखाली होता. बापाच्या बुटाची नाडी सुटलेली पाहून ती खाली बसली आणि तिनं ती बांधून दिली.

शिट्टी झाली, गर्दी निघून गेली. सगळ्यात मागं हे दोघं, रविवारी बाजाराला निघाल्यासारखे.

मी शेवटच्या वळणाच्या अलीकडे जाऊन थांबलो. पुढं सरळ रस्ता होता, मग वळण, आणि वळणानंतर कमान. पहिले आले, दुसरे आले, घोळके आले, मग तुरळक झाले. ऊन वर आलं. पाणी देणाऱ्या पोरांनी टेबलं उचलायला सुरुवात केली. मला काळजी वाटू लागली, तेवढ्यात ते दोघं दिसले. दौलतराव एका बाजूला झुकून चालत होते. बनियन छातीला चिकटलेलं, ओठ पांढरे. सुजातानं त्यांचा दंड धरला होता. ती अजिबात दमलेली दिसत नव्हती. त्यांच्या चालीनं चालल्यावर कोण दमणार?

माझ्यापाशी आल्यावर दौलतराव थांबले आणि दुभाजकावर बसले.

"उठा बाबा. थोडंसंच राह्यलं आता," सुजाता म्हणाली.

"मी येतो सावकाश. तू जाय."

"तुम्हाला सोडून कुठं जाऊ?"

"सर हायत ना मायापाशी. तू जाय पुढं. पयत जाय."

"काहून पण? मी तुमच्यासाठीच आली ना बाबा."

दौलतरावांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत त्यांनी हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. बोलताना मात्र ते अडखळले.

"सुजी, तुई शर्यत थंडीत राहे. आन् माया कापूस बी थंडीतच राहे. मी तुले कवा पयताना पाह्यलंच नाई. एकडाव पाहू दे मले."

सुजाता तशीच उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "आता कुठं पळता येतं बाबा," असं काहीतरी पुटपुटली. मग खांद्यावरची ओढणी काढून कमरेला घट्ट बांधली आणि निघाली.

सुरुवातीला तिचे पाय तिचं ऐकत नव्हते. खांदे वर, श्वास चुकलेला, रस्त्यावरून बस पकडायला पळणाऱ्या बाईसारखी. मला पाहवेना. आणि मग मध्येच कुठंतरी तिचे हात खाली आले, कोपरं अंगाजवळ गेली, आणि डोकं स्थिर झालं. ती माझी नववीतली सुजाता नव्हती, मी उगाच खोटं सांगणार नाही. मधली वर्षं कुणी पुसून टाकत नाही. पण ते हात तिचेच होते. पाणी देणारी पोरं टेबलं उचलता उचलता थांबली आणि ओरडायला लागली, "चलो ताई, चलो!"

दौलतराव दुभाजकावर चढून उभे राहिले होते. माझ्या खांद्याचा आधार घेऊन, टाचा उचलून पाहत होते. सुजाता वळणावर पोचली आणि दिसेनाशी झाली.

"दिसून नाई राह्यली," ते म्हणाले. "पोचली असन का सर?"

"पोचली असेल."

"थांबली तं नसन ना मायासाठी?"

"नाही थांबली."

तरी ते बराच वेळ त्या वळणाकडे पाहत उभे होते. मग आम्ही उरलेलं अंतर चालत गेलो. आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवत होते. सुजाता बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती, केस सुटलेले, गळ्यात पदक. बापाला पाहून तिनं पदक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तिला परत दिलं. मग दौलतराव म्हणाले, "पाय दुखत असतीन. घरी गेल्यावर कोमट पान्यानं शेकजो." ती म्हणाली, "तुम्हीपण." मुलांची शिकवणी होती, म्हणून तिला लगेच निघावं लागलं.

दुपारच्या एस.टी.नं आम्ही परत निघालो. दौलतराव खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांची वावरं मागं जात होती. त्यांना झोप लागली असं मला वाटलं, पण थोड्या वेळानं डोळे न उघडता ते म्हणाले, "सर, सुजी तवा कशी पये?"

मी सांगितलं. यवतमाळच्या मैदानावरची जिल्ह्याची शर्यत सांगितली. ती अनवाणी पळाली होती, बूट आवडत नसत तिला. पहिली फेरी मुद्दाम मागं राहिली. मला वाटलं दमली. मग दुसऱ्या फेरीत एकेकीला मागं टाकत आली. शेवटच्या वळणावर वेणीची रिबीन सुटून पडली, तरी तिनं खाली पाहिलं नाही. मी शिट्टी वाजवायची विसरून नुसता ओरडत होतो.

"आन् मंग? जितली?"

"दुसरी आली. अगदी थोडक्यात."

"पहिली कोन आल्ती?"

"पुसदची एक मुलगी होती."

दौलतरावांनी डोळे उघडले. बाहेर पाहत राहिले. मग विचारलं, "तिचा बाप आल्ता का, पाह्याले?"

"आता ते कुठं आठवतं, दौलतराव," मी म्हणालो. "इतकी वर्षं झाली."

मला चांगलं आठवत होतं. तो आला होता. दोरीच्या पलीकडून, एका हातानं धोतर सावरत, लोकांना ढकलत, तिच्या नावानं हाका मारत, तो शेवटपर्यंत तिच्या बरोबरीनं पळाला होता.